मंडळाच्या कॅसेटी आणि हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

वाडी पुनर्विकासाला जाणार हे आता पक्कं झालंय. मंडळाची खोली मार्चच्या आत रिकामी करून द्यायची आहे. कनाती कुणाच्या माळ्यावर, समया आणि चांदीचा पाट कुणाच्या लॉकरात, यावर कालच्या मीटिंगचा बहुतेक वेळ गेला. पत्र्याची जुनी ट्रंक मात्र एका मिनिटात माझ्या नावावर लागली. आत व्हीएचएस कॅसेटी आहेत, शंभराच्या आसपास. १९८७ पासून २००३ पर्यंतचे गणपती, विसर्जनाच्या मिरवणुका, कोजागिरीच्या एकांकिका आणि, का कोण जाणे, कुणाकुणाची लग्नं. बहुतेक ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या. काहींवर साल आहे, काहींवर नुसतंच "चांगली" असं लिहिलंय.

या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला मंडळाने पंधरा हजार मंजूर केलेत. बाहेर चौकशी केली तर कॅसेटमागे तीनशे ते पाचशे सांगतात, आणि बुरशी दिसली की हातच लावत नाहीत. तेव्हा घरीच करायचं ठरलं. गिरगाव-लालबागकडे अशा ट्रंका अजून बऱ्याच माळ्यांवर असतील, म्हणून हे लिहून ठेवतोय.

व्हीसीआर माझ्याकडे आहे आणि तो चालतो. नवा आता मिळणार नाही. जपानची फुनाई ही शेवटपर्यंत टिकलेली कंपनी, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आहे त्यालाच जपायचं.

आज एवढंच केलं: कॅसेटच्या कण्यावर एका कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी टिकली असते, ती सगळ्या कॅसेटींची स्क्रूड्रायव्हरने तोडून टाकली. ती नसली की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जात नाही. काही ठिकाणी त्या भोकावर कुणीतरी सेलोटेप लावून ठेवली होती, म्हणजे वरून पुन्हा रेकॉर्ड करायचा बेत होता. ती सोलून काढली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

भाचा यूएसबीची कॅप्चर काडी, म्हणजे व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपात घेणारी, घेऊन आला. "मामा, जुनं मशीन कशाला शोधतोयस? आठशे रुपयांत होतंय की." लावली. १९९४ च्या आरतीची कॅसेट. सुरुवात बरी होती. पाऊण तासानंतर हात आधी जुळायला लागले आणि टाळी मागून ऐकू यायला लागली. कॅसेट संपेपर्यंत "सुखकर्ता" वेगळा आणि ओठ वेगळे.

जुन्या टेपवरून येणारं चित्र ठोक्यात नसतं. ओळी पुढेमागे सरकतात, एखादी फ्रेम अर्धवट येते. काडी अशी फ्रेम गाळून टाकते, आवाज मात्र गाळत नाही. तीन तासांत असं कितीतरी वेळा झालं की चित्र पुढे निघून जातं आणि आवाज मागे राहतो. भाच्याने लॅपटॉप बदलला, सॉफ्टवेअर बदललं, फरक पडला नाही. महागडी कार्डं हे नीट सांभाळतात, पण ती आपल्या बजेटात नाहीत.

घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये फ्रेम साठवून सारख्या चालीने पुढे पाठवणारं सर्किट असतं, आणि चित्र-आवाज एकाच जागी एकत्र बांधले जातात. म्हणून रेकॉर्डर. त्यातही हार्ड डिस्कवाला, कारण थेट डिस्कवर उतरवायला गेलं तर चांगल्या दर्जात एका डिस्कवर एक तासच मावतो, आणि डिस्क मध्येच बिघडली तर कॅसेट पुन्हा चालवावी लागते. इतकी जुनी कॅसेट जितकी कमी वेळा चालेल तितकं बरं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काय बघून घ्यायचं ते आज वाचून काढलं. ही मशीनं साधारण २००४ ते २०१० च्या दरम्यानची. पॅनासोनिकची डीएमआर-ईएच मालिका, पायोनियरची डीव्हीआर, सोनीची आरडीआर-एचएक्स, शिवाय फिलिप्स, एलजी, सॅमसंग. आपल्याकडे यातली बरीचशी दुबई-मस्कतहून आणलेल्या सामानातून आली, त्यामुळे दुकानात "गल्फ पीस" असा शब्द ऐकू आला तर दचकू नका. उलट ते चांगलं. तिकडेही टीव्ही सिग्नलची आपलीच पाल पद्धत आणि २२०-२४० व्होल्ट.

अमेरिकेहून आलेला पीस घेऊ नये. तिकडची पद्धत एनटीएससी, ५२५ ओळी. आपली पाल, ६२५ ओळी. वीज १२० व्होल्टची, म्हणजे आणखी एक ट्रान्सफॉर्मर. जपानचा १०० व्होल्टचा. युरोपातला चालतो, फक्त मागे स्कार्ट नावाचं रुंद सॉकेट असतं. त्याचा ॲडॅप्टर घेताना त्यावर "इन-आउट" बदलायची खिट्टी आहे ना बघा. बरेच ॲडॅप्टर फक्त बाहेर काढायचे असतात.

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात यायचा तो आकडा, ८० जीबी, १६० जीबी, २५० जीबी, तो मी यादीत सगळ्यात खाली टाकला. उत्तम दर्जाचा मोड, ज्याला बहुतेक मशीनवर एक्सपी म्हणतात, तो तासाला एक ४.७ जीबीची डिस्क भरतो. म्हणजे १६० जीबीत साधारण पस्तीस तास, ८० जीबीत त्याच्या निम्मे. आपण कॅसेट उतरवणार, छाटणार, बाहेर काढणार आणि जागा मोकळी करणार. ही डिस्क म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, कोठी नाही. शिवाय या डिस्कवरची मांडणी प्रत्येक कंपनीची स्वतःची असते. काढून कॉम्प्युटरला जोडली तर कॉम्प्युटर तिला कोरी समजतो आणि फॉरमॅट करू का विचारतो. हो म्हटलं की संपलं.

सगळ्यात वर रिमोट. याच मशीनचा किंवा याच कंपनीचा त्याच काळातला. फॉरमॅट, छाटणी, डबिंग (हार्ड डिस्कवरून डीव्हीडीवर उतरवणं), डिस्क फायनलाइझ करणं (दुसऱ्या मशीनवर चालेल अशी पुरी करणं), सगळं मेनूत असतं आणि मेनू मशीनच्या पुढच्या बटणांवर येत नाही. शंभर रुपयांच्या युनिव्हर्सल रिमोटवर प्ले, स्टॉप आणि आवाज एवढंच.

त्यानंतर डिस्क जाळणारा, म्हणजे तिच्यावर लिहिणारा, ड्राइव्ह. आत साठवलेलं बाहेर यायची वाट ती एकच. हार्ड डिस्क बदलता येते, ट्रे गेला तर त्याचा जोडीदार शोधत फिरावं लागतं.

ट्यूनरचा विचारच करायचा नाही. "याच्यात टीव्ही पण रेकॉर्ड होतो" असं दुकानदार सांगेल. मुंबईतली केबल ३१ ऑक्टोबर २०१२ ला ॲनालॉगवरून सेटटॉप बॉक्सवर गेली, तेव्हापासून त्या ट्यूनरला केबलवर पकडायला काही नाही.

एक मॉडेल वाचनात पुन्हा पुन्हा येतं: पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१०. त्यात हार्ड डिस्क नाही, पण कॅसेटचं हलतं चित्र सावरण्यात तो या कामातल्या लोकांत नावाजलेला आहे. लोक तो व्हीसीआर आणि दुसऱ्या रेकॉर्डरच्या मध्ये नुसता गाळणीसारखा लावतात. मिळाला तर बघू.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज विधानसभेचा निकाल. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानादुकानात टीव्ही चालू आणि गिऱ्हाइकाकडे बघायला कुणाला फुरसत नाही. तरी एका दृष्टीने बरं झालं, मशीन उघडून मनासारखं तपासता आलं.

पिशवीत चार वस्तू नेल्या होत्या: भाच्याचा जुना हँडीकॅम, पिवळी-पांढरी-लाल एव्ही वायर, एक कोरी डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि लॅपटॉप. याशिवाय जाऊ नका. "चालू है" याचा तिथला अर्थ दिवा लागतो एवढाच.

पहिल्या ठिकाणी दिवा लागला, ट्रे उघडला नाही. दुसऱ्या ठिकाणी दिसायला कोरं करकरीत मशीन, मागे १२० व्होल्ट लिहिलेलं. दुकानदाराने सोबत ट्रान्सफॉर्मर फुकट द्यायची तयारी दाखवली. एनटीएससीचं काय विचारलं तर म्हणाला, "सब चलता है." तिसरा गाळा वरच्या मजल्यावर. तिथे गल्फ पीस, १६० जीबी, पुढून आणि मागून एव्ही इनपुट. हँडीकॅम जोडला आणि पुढच्या बटणांनी दहा मिनिटं रेकॉर्ड केलं. चित्र स्वच्छ आलं. रिमोट नाही. साडेपाच हजार सांगितले, चार हजार दोनशेवर आला. मेनू उघडताच येत नसल्यामुळे डिस्क जाळून बघता आली नाही. पाचशे टोकन देऊन आठवडाभर ठेवायला सांगितलं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे बिघाड निघाले ते या वयाच्या कुठल्याही मशीनमध्ये निघतील.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे चोरबाजार. शुक्रवारी उजाडायच्या आत फूटपाथवर माल लागतो आणि ऊन चढेपर्यंत आवरला जातो. त्याच कंपनीचा, जरा आधीच्या मॉडेलचा मेलेला रेकॉर्डर मिळाला, रिमोट त्याला रबरबँडने बांधलेला. नुसता रिमोट द्यायला तयार नव्हता, म्हणून चारशेला दोन्ही उचललं.

रिमोट जागेवर तपासायची सोपी युक्ती: मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्या टोकाकडे बघत बटण दाबायचं, जांभळट दिवा लुकलुकला पाहिजे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, सेल्फीच्या कॅमेऱ्यात दिसतो. यातून बॅटरी आणि दिवा ठीक आहे एवढंच कळतं, मशीन ऐकेल की नाही ते मशीनसमोर गेल्यावरच.

३० नोव्हेंबर, शनिवार

ऐकलं. एक-दोन बटणं सोडता सगळी चालतात. रेकॉर्ड केलेली दहा मिनिटं डिस्कवर डब केली, फायनलाइझ केली, डिस्क लॅपटॉपवर चालली. मशीन घेतलं.

घरी आणून सेटिंग पूर्ववत केल्यावर त्याने आधी चॅनेल शोधायचा हट्ट धरला. ते टाळायचा पर्याय मेनूत नव्हता. शून्य चॅनेल सापडल्यावर गप्प झालं. घड्याळ हाताने लावावं लागलं. ते लावलं नाही तर प्रत्येक रेकॉर्डिंगवर भलतीच तारीख बसते आणि नंतर कुठलं कुठलं ते कळत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

गेला आठवडा वाया गेला. सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर "थांबा" येतं, बंद होतं, पुन्हा "थांबा". पाच-सहा वेळा असं झालं की सुरू होतं आणि मग दिवसभर नीट चालतं. गार असताना नाही आणि तापल्यावर हो, ही लक्षणं पॉवर सप्लायच्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या सुट्या भागांची. झाकण काढलं तर दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली स्पष्ट दिसत होती.

झाकण काढणाऱ्यांसाठी: प्लग काढल्यावरही सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ राहतात. लगेच हात घालायचा नाही. मला सोल्डरिंग बेताचंच येतं, म्हणून ते बोर्ड आमच्या गल्लीच्या टोकाला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी दोन नाही, त्या बाजूचे सगळे बदलले. "दोन गेलेत म्हणजे बाकीचे रांगेतच उभे आहेत," असं त्यांचं म्हणणं. १०५ अंशांपर्यंत टिकणारे, त्याच क्षमतेचे, व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं. साडेचारशे रुपये. मशीन आता पहिल्या दमात उठतं.

मेलेल्या मशीनचा सप्लाय काढून लावावा असं मनात आलं होतं. काकांनी दाखवलं की कनेक्टर सारखा दिसत असला तरी आतल्या पिनांचा क्रम वेगळा आहे. लावला असता तर मूळ बोर्ड गेला असता.

१५ डिसेंबर, रविवार

हार्ड डिस्क टकटक करायला लागली. रेकॉर्डिंग मध्येच गोठतं, मग पुढे उडी मारतं. सुदैवाने आत अजून काही मोलाचं नव्हतं.

आत साधी साडेतीन इंची आयडीई डिस्क निघाली, जुन्या डेस्कटॉपमध्ये असायची तीच. वापरलेली, तेवढ्याच क्षमतेची सहाशेला मिळाली. घेण्याआधी दुकानातच कॉम्प्युटरला लावून तिची तपासणी चालवली. वापरलेल्या डिस्कमध्ये वय किती ते आतच नोंदलेलं असतं, ते बघायला मिनिट लागत नाही. जुन्या डिस्कच्या मागचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, ज्या पिनांवर होता त्याच पिनांवर नव्या डिस्कचा लावला. मशीनने डिस्क ओळखली नाही असं सांगितलं आणि फॉरमॅट करू का विचारलं. हो म्हटलं, झालं.

सगळी मशीनं इतकी समजूतदार नसतात. काहींमध्ये डिस्क कुलूपबंद असते आणि बदलायला सर्व्हिस सेंटरची खास डिस्क किंवा रिमोट लागतो. म्हणून मॉडेल पसंत पडलं की पैसे द्यायच्या आधी त्याची हार्ड डिस्क सहज बदलते का, तेवढं शोधून बघा. हा मुद्दा माझ्या १६ नोव्हेंबरच्या यादीत नव्हता, तो रिमोटच्या खालोखाल असायला हवा.

२१ डिसेंबर, शनिवार

कुठल्या मोडवर उतरवायचं याची परीक्षा. १९९६ च्या विसर्जनाची तीच पाच मिनिटं तीन वेळा घेतली: एक्सपी, म्हणजे डिस्कला एक तास, एसपी, दोन तास, एलपी, चार तास.

एलपी बाद. माझ्या मशीनवर त्यात चित्राची रुंदी ७२० ठिपक्यांवरून ३५२ वर येते. व्हीएचएसमध्ये मुळातच तपशील कमी, तेव्हा ३५२ पुरेल असा युक्तिवाद वाचला होता. स्थिर चित्राला पुरतोही. पण गुलाल उधळला की संपूर्ण पडद्यावर लाल चौकोन नाचतात. जुन्या टेपची खरखर हीसुद्धा मशीनच्या लेखी हालचालच, तिच्यावरही बिट खर्च होतात आणि माणसांच्या चेहऱ्याला काही उरत नाही.

एसपीमध्ये एकांकिका चांगल्या येतात. काळा पडदा, दोन-तीन माणसं, कॅमेरा तिवईवर. मिरवणूक मात्र एक्सपीवरच. त्याहून वरच्या चर्चेत पडलो नाही.

आवाजाबद्दल: माझा व्हीसीआर मोनो आहे, एकच पांढरी वायर. रेकॉर्डरला ती डावीकडे लावली तर हेडफोनमध्ये एकाच कानात ऐकू येतं. चाळीस रुपयांची एकाची दोन करणारी वायर लावली.

२५ डिसेंबर, बुधवार

सुट्टी, म्हणून बुरशीचं काम काढलं. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेकडे बघायचं. पांढरी साय धरल्यासारखी दिसली तर ती बुरशी. आमच्या माळ्याला पावसाळ्यात ओल येते, त्यामुळे साधारण पाचातली एक कॅसेट अशी निघाली. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये कधीही घालू नका. टेप वाचणारं हेड घाण होतंच, शिवाय ती पुढच्या निरोगी कॅसेटला लागते.

वाडीतल्या आप्पांनी त्यांचा बंद पडलेला व्हीसीपी, म्हणजे नुसता कॅसेट चालवणारा प्लेअर, दिला. चित्र येत नाही, पण टेप पुढेमागे पळते. एवढंच हवं होतं. "माझ्या मशीनची वाट लावू नकोस रे," म्हणाले. म्हटलं, "आप्पा, ती लागूनच आलीय, तुम्ही काळजी करू नका."

कॅसेटी आधी आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या होत्या. वाळलेली बुरशी सुटते, ओली पसरते. मग गॅलरीत, तोंडाला मास्क बांधून, व्हीसीपीचं झाकण काढून, पळत्या टेपला दोन्ही बाजूंनी शॅमॉय चामड्याचा तुकडा हलका धरला. एकदा पुढे, एकदा मागे. तुकड्याची जागा सारखी बदलत राहायची. ज्यांचं कवचच आतून पांढरं झालं होतं त्यांचे खालचे पाच स्क्रू काढून रिळं एका रिकाम्या स्वच्छ कवचात हलवली. उघडण्यापूर्वी फोटो काढून ठेवा, टेपचा रस्ता कुठल्या रुळावरून जातो ते नंतर आठवत नाही.

चांगल्या व्हीसीआरचं हेडही आज साफ केलं. शॅमॉयवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तुकडा ड्रमला टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने गोल फिरवायचा. वरखाली घासलं तर हेडचं टोक तुटतं. कानात घालायच्या कापसाच्या काड्या नकोत, धागा अडकतो.

दोन कॅसेटी वाचल्या नाहीत. टेपचे थर एकमेकांना चिकटलेत, ओढलं की काळा लेप सुटून येतो. तशाच बाजूला ठेवल्या.

५ जानेवारी २०२५, रविवार

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड. रेकॉर्डिंग छान चालू असतं, आणि मध्येच मशीन थांबतं: या कार्यक्रमाची प्रत काढायला परवानगी नाही. आमच्याच वाडीच्या हळदीकुंकवाची प्रत काढायला परवानगी नाही!

विकतच्या सिनेमांच्या कॅसेटींवर नक्कल होऊ नये म्हणून चित्राच्या वर, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींमध्ये विशिष्ट ठोके घातलेले असतात. रेकॉर्डर तेच शोधतो. झिजलेल्या घरगुती टेपवर नेमकी त्या ओळींमध्ये खरखर असली की त्याला ते ठोके वाटतात. मशीन बिघडलेलं नाही, फसलेलं आहे.

आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घेतली, म्हणजे ढिली पडलेली टेप सारख्या ताणाने बसते. काहींचं तेवढ्याने भागलं. मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या पट्ट्यांशी जुळवणं, स्वयंचलित न ठेवता हाताने लावलं. त्यानेही अजून काही सुटल्या. उरलेल्यांसाठी दुसरा व्हीसीआर लागला, अडीच हजारांचा. बजेटमधला हा खर्च आधी धरला नव्हता, पण एका मशीनला न जमणारी कॅसेट दुसऱ्यावर सरळ चालते हे इतक्या वेळा झालं की आता मी म्हणेन, दोन व्हीसीआर धरूनच हिशेब करा. ज्या दोन्हीवर अडल्या, तिथे अडलेल्या जागेच्या पुढून पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तुकडे जोडायचं काम कॉम्प्युटरवर ढकललं. ईएस१० कुठे दिसला नाही, नाहीतर या ठिकाणी त्याला कामाला लावलं असतं.

आणखी एक: दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये कोरी टेप आली की रेकॉर्डर सिग्नल गेला समजून थांबतो. कॅसेट लावून झोपायला जाऊ नका.

११ जानेवारी, शनिवार

बाहेर काढायची पद्धत आता बसली. हार्ड डिस्कवरच आधीचा निळा पडदा, मधली मुंग्यांची शेतं छाटायची. मग हाय-स्पीड डबिंगने डीव्हीडी-आरडब्ल्यूवर. यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, आहे तसं उतरतं, आणि तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. साध्या वेगाने डब केलं की मशीन चित्र नव्याने दाबतं, दर्जा उतरतो आणि वेळ पूर्ण लागतो. हाय-स्पीडचा पर्याय मेनूत मंद दिसत असेल तर रेकॉर्ड करण्यापूर्वी सेटिंगमध्ये ते चालू करायला हवं होतं. नंतर लावून आधीच्या रेकॉर्डिंगला लागू होत नाही.

छाटणी जिथे केली तिथेच काटेकोर होत नाही, अर्धा सेकंद इकडेतिकडे होते. म्हणून दोन्हीकडे थोडं मोकळं ठेवतो.

डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालायची, व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीवरच्या चित्र-आवाजाच्या, फाइली कॉपी करायच्या, त्या कडेने जोडून एक फाइल करायची, चालवून बघायची, आणि मगच आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरायची. दहा डिस्कांवर सगळं काम चाललंय. मूळ फाइल तशीच ठेवतो. व्हॉट्सॲपवर पाठवायला भाचा तिची वेगळी छोटी प्रत काढतो आणि तेवढ्यापुरतं पट्ट्या-पट्ट्यांचं इंटरलेस काढून टाकतो. मूळावर तो प्रयोग करायचा नाही असं त्याला बजावलंय.

लग्नांच्या कॅसेटी ज्यांच्या त्यांना देऊन टाकल्या. त्यातल्या एकीत नवरा-नवरीचे चेहरे बदामाच्या पानात फिरत येतात आणि सनई थांबतच नाही. मिक्सिंगवाल्याने पैसे वसूल केलेले दिसतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी गणेश जयंती. खोलीत जमलेल्यांना १९९१ ची मिरवणूक प्रोजेक्टरवर दाखवली. अर्धा वेळ "हा कोण रे?" यातच गेला, पण त्यातून एक काम झालं: आप्पा आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी सांगत गेल्या, भाचा नावं टिपत गेला. ज्या फाइलींना नुसतं "चांगली" असं नाव होतं त्यांतल्या बऱ्याच जणींना साल मिळालं. गणपतीच्या मूर्तीमागच्या सजावटीवरून साल ओळखतात ही मंडळी.

मध्येच फ्यूज उडाला. मागच्या खोलीत मशीन एक डिस्क फायनलाइझ करत होतं, ती डिस्क गेली. हार्ड डिस्कवरचं शाबूत होतं, दुसरी जाळली. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस आता रेकॉर्डरला लावलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिशेब खजिनदारांना दिला तो असा. रेकॉर्डर ४,२००. रिमोटसकट मेलेलं मशीन ४००. कपॅसिटर आणि मजुरी ४५०. हार्ड डिस्क ६००. दुसरा व्हीसीआर २,५००. डीव्हीडी-आरडब्ल्यू ६००. अल्कोहोल, शॅमॉय, सिलिका, मास्क, वायरी मिळून ५००. फाइली ठेवायला दोन टीबीची बाहेरची डिस्क ६,०००. एकूण १५,२५०. वरचे अडीचशे पुढच्या मीटिंगमध्ये मांडायला सांगितलंय. दुसरी प्रत भाच्याच्या जुन्या ड्राइव्हवर आहे, ती वेगळ्या घरी.

चिकटलेल्या त्या दोन सोडल्या तर व्हीएचएस संपल्या. मशीन विकायचं नाही असं ठरलंय. शेजारच्या वाडीतल्या मंडळाने मागितलंय, त्यांच्याकडे याहून मोठी ट्रंक आहे. देताना रिमोट दोऱ्याने मशीनला बांधून देणार आहे.

ट्रंकेच्या तळाशी कॅमेऱ्यातल्या छोट्या व्हीएचएस-सी कॅसेटी निघाल्या. त्यांना मोठ्या कॅसेटच्या आकाराचा ॲडॅप्टर लागतो, त्यात एक पेन्सिल सेल घालतात. तो मिळाला की त्यांचं काम सुरू.